लोळणारा गहू उभा करणारे स्त्राम्पेल्ली

इटलीतल्या रिएती भागाचा गहू तांबेऱ्याला दाद देत नसे. पण ताट उंच. खत वाढवलं आणि वारा-पाऊस आला की पीक आडवं. लोळलेल्या गव्हाचा दाणा कसा भरतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

१८६६ चा जन्म असलेले नाझारेनो स्त्राम्पेल्ली १९०३ मध्ये रिएतीला शेतीचे शिक्षक म्हणून आले आणि या दुखण्याच्या मागे लागले. तेव्हा चांगल्या ओंब्या निवडून बियाणं राखायची रीत होती. यांनी संकर धरला. फुलातले पुंकेसर चिमट्यानं काढायचे, मग दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा. डोळे फोडणारं काम. पत्नी कार्लोताही बरोबरीनं राबल्या.

आधी रिएतीच्या गव्हाशी हॉलंडचा विल्हेल्मिना जोडला. १९१३ मध्ये त्यात जपानचा अकाकोमुगी घातला. हा बुटका, शिवाय लवकर येणारा. या दोन्ही गुणांची जनुकं एकाच गुणसूत्रावर आहेत, हे शास्त्राला फार उशिरा कळलं. स्त्राम्पेल्लींनी शेतात बघूनच झाडं निवडली. आर्दितो, विल्ला ग्लोरी, मेंताना हे वाण त्यातलेच. ते खत पचवून उभे राहिले आणि उन्हाच्या झळांआधी घरात आले.

१९२५ मध्ये मुसोलिनीनं गव्हाची मोहीम काढली. गाजावाजा सरकारचा, बियाणं यांचं! पेटंट मात्र त्यांनी घेतलं नाही.

मेंताना चीनमध्ये नानदा २४१९ नावानं पसरला. हरितक्रांतीमुळे आपल्याला माहीत असलेल्या बोरलॉग यांनी मेक्सिकोत तो संकरासाठी वापरला, तेव्हा स्त्राम्पेल्ली हयात नव्हते. १९४२ मध्येच रोमला त्यांचं निधन झालं होतं.