धाराशिवमधला ‘शि’ स्क्रीनवर का फुटतो? र. कृ. जोशींच्या कामात सापडतं उत्तर

२०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं. आता हेच नाव एखाद्या जुन्या लिनक्स कॉम्प्युटरवर उघडून बघा. कधी ‘शि’ची पहिली वेलांटी अक्षरापासून सुटून भलतीकडे पडते आणि तिच्या शेजारी ठिपक्यांचं गोल वर्तुळ दिसतं. कधी नळदुर्गचा रफार ‘ग’च्या डोक्यावर न बसता पाय मोडक्या ‘र्’सारखा मधेच उभा राहतो. आपण लगेच म्हणतो, लिनक्सवर मराठी चालत नाही, टाका विंडोज.

पण बिघाड नेमका कुठे असतो? हे समजून घ्यायचं तर एका माणसाची ओळख करून घ्यावी लागते. तो इंजिनिअर नव्हता. तो होता सुलेखनकार.

रघुनाथ कृष्ण जोशी, म्हणजेच र. कृ. जोशी. जन्म १९३६ चा. मुंबईच्या जे. जे. मध्ये उपयोजित कला शिकले, मग ‘उल्का’ या जाहिरात कंपनीत वर्षानुवर्षं कला दिग्दर्शक होते. मराठीत लघुअनियतकालिकांचं वारं होतं तेव्हा कविताही लिहीत होते, आणि त्यांच्या कवितेत अक्षर वाचण्याइतकंच बघण्याची गोष्ट असायचं. १९८३ मध्ये जाहिरातीचं जग सोडून ते आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, म्हणजे डिझाइन शिकवणाऱ्या विभागात, प्राध्यापक झाले.

त्या काळात कॉम्प्युटरवरचं मराठी म्हणजे एक जुगाड होतं. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे चिकटवलेले. टाइपरायटरसारखं आधी वेलांटी टाइप करायची, मग ‘श’. दिसायला ठीक, पण फाइल दुसऱ्या मशीनवर गेली आणि तिथे तोच फॉन्ट नसला की सगळा मजकूर इंग्रजी अक्षरांचा भुगा. कॉम्प्युटरच्या लेखी ते मराठी नव्हतंच.

युनिकोडने हा हिशोब बदलला. आता फाइलमध्ये उच्चाराचा क्रम साठवला जातो : आधी ‘श’, नंतर वेलांटी. स्क्रीनवर मात्र वेलांटी आधी दिसायला हवी. ‘दुर्ग’मध्ये साठवताना र् हा ‘ग’च्या आधी येतो, दिसताना वर जाऊन बसतो. ही उलथापालथ करायची कुणी? अर्धं काम फॉन्टमध्ये लिहिलेल्या नियमांचं, अर्धं ते नियम वाचून अक्षर जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरचं. आणि ते नियम लिहायला अक्षर कुठे जुळतं, कुठे मोडतं, काना किती अंतरावर उभा राहतो, हे हाताला माहीत असलेला माणूस लागतो. जोशींनी आयुष्यभर बोरू आणि ब्रश हातात धरून हेच केलं होतं.

आयआयटीनंतर ते मुंबईतल्याच एनसीएसटीत आले. ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. विंडोज २००० सोबत जो ‘मंगल’ फॉन्ट घरोघरी पोहोचला, तो जोशींचा. आपल्यापैकी कित्येकांनी स्क्रीनवर वाचलेलं पहिलं नीट मराठी त्याच अक्षरात होतं, आणि फार थोड्यांना त्यामागचं नाव माहीत होतं.

विंडोजची गोष्ट सगळे सांगतात. पण त्याच एनसीएसटीत ‘इंडिक्स’ नावाचा प्रकल्प झाला, लिनक्सला भारतीय भाषा शिकवण्याचा. आणि जोशींच्या देखरेखीखाली तयार झालेला ‘रघु’ हा देवनागरी फॉन्ट मुक्त परवान्यावर खुला केला गेला. कुणीही वापरा, वाटा, सुधारा. मला विचाराल तर ‘मंगल’पेक्षा हे काम मोठं.

आता परत धाराशिवकडे. अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसत असतील तर मशीनमध्ये देवनागरी फॉन्टच नाही. लोहित किंवा नोटो देवनागरी टाकला की काम झालं. अक्षरं आहेत पण वेलांटी सुटलेली, रफार उतरलेला, तर फॉन्टला दोष देऊ नका. अक्षर जुळवणारा भाग नियम वाचत नाहीये. आजच्या लिनक्समध्ये हे काम बहुतेक ठिकाणी हार्फबझ करतो, त्यामुळे सिस्टीम अपडेट केली की प्रश्न सहसा मिटतो. इंग्रजी अक्षरांचा भुगा दिसत असेल तर फाइल जुन्या जुगाडातली आहे. तिथे युनिकोड फॉन्ट कितीही टाका, फरक पडणार नाही. मजकूर युनिकोडमध्ये बदलूनच घ्यावा लागतो.

आणि टर्मिनलच्या काळ्या खिडकीत मराठी मोडलेलं दिसलं तर घाबरू नका. तिथे प्रत्येक अक्षराला ठरावीक मापाचा खण असतो, जोडाक्षराला ते मानवत नाही. तीच फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. नळदुर्ग नीट दिसला तर फाइल ठणठणीत आहे. म्हणजे विंडोज टाकायचीही गरज नाही आणि फाइल पुन्हा टाइप करायचीही नाही.

जोशी शेवटपर्यंत कामात होते. वेदपठणातल्या उदात्त-अनुदात्त स्वरांच्या खुणा युनिकोडमध्ये याव्यात म्हणून त्यांनी बरीच वर्षं दिली. ५ फेब्रुवारी २००८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचं निधन झालं. पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, युनिकोडच्या ५.२ आवृत्तीत वैदिक खुणांचा स्वतंत्र गट दाखल झाला.