डॉ. जॉन स्नो आणि वाचलेल्यांची मोजणी

संगणकावर तक्त्यातील ओळींचे गट कसे पाडावेत व त्यांतून हव्या त्या ओळी कशा गाळून घ्याव्यात, हा पाठ मी दरवर्षी घेतो. काही वर्षांपूर्वी या पाठातच माझी फजिती झाली. परीक्षेच्या तक्त्यातून नापास झालेल्यांच्या ओळी तेवढ्या ठेवल्या, बाकीच्या गाळून टाकल्या आणि मग मुले कोठून येतात त्याप्रमाणे गट पाडले. चंदगडकडून एसटीने येणाऱ्यांचा गट सर्वांत मोठा निघाला. ते मी वर्गात बोलूनही दाखवले. तिकडचीच एक मुलगी उभी राहिली आणि तिकडून एकूण मुले किती येतात, असे तिने शांतपणे विचारले. मला उत्तर देता येईना. पास झालेल्यांच्या ओळी मी आधीच टाकून दिल्या होत्या ना! पुन्हा सगळा तक्ता घेतला, आधी गट पाडले, मग प्रत्येक गटातले नापास वेगळे काढले. तिकडची मुले संख्येने अधिक, एवढेच. नापासांचे प्रमाण इतरांसारखेच होते. दुसऱ्या दिवशी भर वर्गात मी त्या मुलीची क्षमा मागितली, आणि घरी येऊन जॉन स्नोचे चरित्र पुन्हा वाचायला काढले.

हा स्नो १८१३ साली इंग्लंडमधील यॉर्क शहरात एका मजुराच्या घरी जन्मला. नऊ भावंडांत तो थोरला. चौदाव्या वर्षी न्यूकॅसलच्या एका शल्यवैद्याकडे तो उमेदवारीला राहिला. त्या भागात १८३१-३२ मध्ये पटकीची साथ आली, तेव्हा हा पोरसवदा उमेदवार कोळशाच्या खाणीतल्या मजुरांची शुश्रूषा करीत होता. खाणीत शौचाची सोय नाही, हात धुवायला पाणी नाही आणि त्याच हातांनी जेवण. हे त्याने डोळ्यांनी पाहिले. पुढे तो लंडनला गेला, १८४४ मध्ये एम. डी. झाला, आणि गुंगीचे औषध देण्यात त्याने एवढे नाव मिळवले की १८५३ साली व्हिक्टोरिया राणीच्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म देण्यास त्यालाच बोलावले गेले. शाकाहारी, निर्व्यसनी, अविवाहित असा हा मनुष्य होता. राणीच्या वैद्याने गरिबांच्या वस्तीत दारोदार हिंडावे, याचे त्याला स्वतःला काहीच वाटले नसावे.

पटकी दूषित हवेतून पसरते, असे त्या काळचे बहुतेक विद्वान मानीत. स्नोने १८४९ मध्ये पुस्तिका काढून ती पाण्यातून पोटात जाते असे मांडले. कोणी फारसे मनावर घेतले नाही. पुरावा हवा होता, आणि तो १८५४ च्या साथीने दिला.

दक्षिण लंडनच्या मोठ्या भागात दोन कंपन्यांचे नळ एकाच रस्त्याने गेले होते. लँबेथ कंपनीने १८५२ मध्ये आपली पाणी उचलण्याची जागा थेम्स नदीवर बरीच वर, शहराची घाण मिसळण्याच्या आधीच्या ठिकाणी नेली होती. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी मात्र शहरातलेच घाण पाणी उचलीत होती. शेजारशेजारच्या घरांत हवा एक, माणसे सारखीच, पाणी तेवढे निराळे! वस्तीप्रमाणे गट पाडून येथे काही उमगले नसते, कारण दोन्ही पाणी एकाच वस्तीत मिसळलेले. म्हणून स्नोने गटाचा रकानाच बदलला. मृत्यू झालेल्या प्रत्येक घरी जाऊन तेथे पाणी कोणाचे, हे तो विचारू लागला. पुष्कळ भाडेकरूंना ते ठाऊकच नसे. पट्टी घरमालक भरी. मग तो कुपीत पाणी घेई व त्यात सिल्व्हर नायट्रेट घाली. नदीत भरतीबरोबर येणाऱ्या मिठामुळे एका कंपनीचे पाणी दाट पांढरे होई, दुसरीचे जवळजवळ तसेच राही.

पहिल्या चार आठवड्यांतील ३३४ मृत्यूंपैकी २८६ एका कंपनीच्या घरांत आणि अवघे १४ दुसरीच्या. माझ्यासारखा मनुष्य येथेच थांबून टाळी वाजवता. पण पहिल्या कंपनीची घरेच जास्त असतील तर? स्नोने पार्लमेंटला सादर झालेल्या माहितीतून, मृत्यू न झालेली घरे धरून, दोन्हींच्या घरांचे आकडे घेतले. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉलची ४०,०४६ घरे, सात आठवड्यांत १,२६३ मृत्यू. लँबेथची २६,१०७ घरे, मृत्यू ९८. म्हणजे दर दहा हजार घरांमागे ३१५ आणि ३७. एकीची घरे दुसरीच्या दीडपट, मृत्यू मात्र जवळजवळ तेरापट.

हे काम चालू असतानाच ऑगस्टअखेर सोहो भागात ब्रॉड स्ट्रीटवर साथ भडकली. त्या हातपंपाची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. मला त्यात महत्त्वाच्या वाटतात त्या गटात न बसणाऱ्या ओळी. नोंदवहीतल्या ८३ मृत्यूंपैकी १० जण दुसऱ्या पंपाजवळ राहणारे होते. त्यांना वगळणे सोपे होते. स्नो त्यांच्याच घरी गेला. पाच घरांतून कळले की त्यांना ब्रॉड स्ट्रीटचेच पाणी आवडे, आणि तीन मुले त्या पंपाजवळच्या शाळेत जात. उलट पंपालगतच्या बिअरच्या कारखान्यात सत्तरांवर कामगार, पण पटकीने कोणीच दगावला नाही. त्यांना बिअर मिळे, शिवाय आवारात स्वतंत्र विहीर होती. जवळच्या गरिबांच्या वर्कहाउसमध्ये ५३५ माणसे, मृत्यू फक्त पाच. तेथेही विहीर स्वतःची. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढण्यात आला. तोवर लोक पळून गेल्याने साथ ओसरूच लागली होती, हे स्नोने स्वतःच नमूद करून ठेवले आहे. आपल्या यशाचा आकडाही त्याने फुगवला नाही.

तरीही सरकारी आरोग्य मंडळाने त्याचे म्हणणे नाकारले. १८५८ च्या जूनमध्ये, क्लोरोफॉर्मवरील ग्रंथ लिहीत असतानाच त्याला झटका आला आणि १६ तारखेला, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, तो गेला. १८६६ च्या साथीत पूर्व लंडनच्या पाण्याचा हिशेब पाहून विल्यम फार या सरकारी संख्याशास्त्रज्ञाने पाण्याचे मत उचलून धरले. रॉबर्ट कॉखने पटकीचे जंतू दाखवले ते १८८३-८४ मध्ये, इजिप्तमध्ये व आपल्या कलकत्त्यात.

आता हा पाठ घेताना मी फळ्यावर १,२६३ आणि ९८ हे दोनच आकडे लिहितो, घरांचा रकाना कोरा ठेवतो आणि खडू खाली ठेवून वाट पाहतो. कधी पहिल्याच बाकावरून प्रश्न येतो, कधी तास संपत येतो.