छोट्या तेरेजाची घरची शाळा

ऑक्टोबर महिन्याच्या पहिल्या दिवशी ख्रिस्तसभा बाळ येशूच्या संत तेरेजेचा सण साजरा करते. मिशनकार्याची आश्रयदाती म्हणून ती आपणा सर्वांना परिचित आहे. कार्मेल मठातील तिची नऊ वर्षे आणि तिचा 'छोटा मार्ग' यांविषयी आपण प्रवचनांतून अनेकदा ऐकले आहे. या लेखात मात्र आम्ही तिच्या मठप्रवेशापूर्वीच्या काळाकडे, म्हणजे ज्या घरात ती शिकली त्या घराकडे, वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

तेरेजेचा जन्म २ जानेवारी १८७३ रोजी फ्रान्समधील आलांसो या गावी झाला. वडील लुई मार्टिन हे घड्याळजी होते. आई झेली हिने लग्नापूर्वीच तेथील प्रसिद्ध लेस विणण्याचा व्यवसाय उभा केला होता आणि पुढे लुई यांनी आपले दुकान विकून तिच्याच व्यवसायाला हातभार लावला. या दांपत्याला नऊ अपत्ये झाली. त्यांतील चार लहानपणीच देवाघरी गेली आणि मारी, पोलीन, लेओनी, सेलीन व तेरेजा या पाच मुली राहिल्या. थोरली मारी आणि धाकटी तेरेजा यांच्या वयात तेरा वर्षांचे अंतर होते.

मारी व पोलीन यांचे शिक्षण ल मान्स येथील व्हिजिटेशन मठाच्या निवासी शाळेत झाले. त्यांची मावशी त्याच मठात धर्मभगिनी होती. शिक्षण संपवून १८७५ साली मारी घरी परतली आणि झेलीने सेलीनला शिकवण्याचे काम तिच्यावर सोपवले. धाकटी तेरेजा सेलीनला क्षणभरही सोडत नसे. तिलाही त्या खोलीत बसायचे असे. तेव्हा मारीने तिला मणी ओवायला किंवा कापडाचा तुकडा शिवायला द्यावा आणि तिने दोन-दोन तास गप्प बसावे, असा क्रम सुरू झाला. सुईतून दोरा निसटला की तिच्या डोळ्यांत पाणी येई, पण धड्यात व्यत्यय नको म्हणून ती आवाज करत नसे. ताईचा धडा ऐकता ऐकता तिचा स्वतःचा अभ्यास असा नकळत सुरू झाला.

मात्र या घरात सारे सुरळीत होते असे कोणी समजू नये. मधली लेओनी आजारी, हट्टी आणि अभ्यासात मागे असे. मावशीच्या शाळेतही ती टिकली नाही. घरातील मोलकरीण तिला धाकदपटशाने आपल्या मुठीत ठेवीत होती, ही गोष्ट १८७७ साली मारीच्या लक्षात आली तेव्हा झेलीला अतिशय दुःख झाले. ती त्या वेळी स्तनाच्या कर्करोगाने ग्रस्त होती. उरलेल्या थोड्या महिन्यांत तिने लेओनीला जवळ घेतले आणि तिचा विश्वास परत मिळवला. २८ ऑगस्ट १८७७ रोजी झेली प्रभुचरणी विसावली. तेरेजा तेव्हा साडेचार वर्षांची होती.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हे कुटुंब लिझ्यू येथे मामांच्या गावी राहण्यास गेले. मारीने घर सांभाळले आणि सोळा वर्षांची पोलीन तेरेजेची शिक्षिका झाली. वाचन, लेखन, धर्मशिक्षण आणि पवित्र इतिहास हे विषय असत. तेरेजेने स्वतः वाचलेला पहिला शब्द 'स्वर्ग' या अर्थाचा होता. धर्मशिक्षण व पवित्र इतिहास तिला मनापासून आवडे. व्याकरण आणि शुद्धलेखन मात्र तिला रडवीत असे. पोलीन प्रेमळ होती, पण शिस्तीत ढिलाई करीत नसे. अभ्यास झाल्यावर दुपारी बाबांबरोबर फिरायला जायचे आणि वाटेत एखाद्या चर्चमध्ये पवित्र साक्रामेंताला भेट द्यायची, हा नित्यक्रम होता. संध्याकाळी सारे कुटुंब एकत्र बसे. सोंगट्यांचा एखादा डाव होई, उपासना-वर्षावरील ग्रंथातून थोडे वाचन होई, बाबा गाणे म्हणत आणि शेवटी सर्वजण मिळून प्रार्थना करीत. थोरल्यांसाठी एक व धाकट्यांसाठी दुसरी अशी वेगळी प्रार्थना तेथे नव्हती.

१८८१ च्या ऑक्टोबरात तेरेजेला बेनेडिक्टाइन धर्मभगिनींच्या शाळेत घालण्यात आले. ती पाच वर्षे तिला कठीण गेली. पुढच्याच वर्षी पोलीन कार्मेल मठात गेली आणि तेरेजेला दुसऱ्यांदा आई गमावल्यासारखे वाटले. तरीही शिक्षिकेने शिष्येला सोडले नाही. ८ मे १८८४ रोजी तेरेजेने प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारले, त्याच्या तयारीसाठी पोलीनने मठातून एक वही बनवून पाठवली. तीत तेरेजेने आपले रोजचे छोटे त्याग आणि प्रार्थना नोंदवायच्या होत्या. घरी मारी तिला रोज समजावून सांगत असे.

पंधराव्या वर्षी, ९ एप्रिल १८८८ रोजी, तेरेजेने कार्मेलमध्ये प्रवेश केला. पुढे पोलीन मठश्रेष्ठी असताना तिनेच तेरेजेला बालपणीच्या आठवणी लिहिण्याची आज्ञा केली. तेरेजेने त्या १८९५ साली शाळेच्या साध्या वहीत उतरवल्या. ३० सप्टेंबर १८९७ रोजी, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, क्षयाने तिचे निधन झाले. ते लेखन 'एका आत्म्याची कथा' या ग्रंथाचा पाया ठरले. १७ मे १९२५ रोजी तिला संतपद मिळाले आणि शुद्धलेखनात अडखळणाऱ्या या मुलीला १९ ऑक्टोबर १९९७ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी ख्रिस्तसभेची आचार्य म्हणून घोषित केले. लुई व झेली यांना १८ ऑक्टोबर २०१५ रोजी एकत्र संतपद देण्यात आले.

आणि लेओनी? मठजीवनात तिला तीनदा अपयश आले. १८९९ साली चौथ्यांदा तिने कां येथील व्हिजिटेशन मठात प्रवेश केला आणि १९४१ साली मृत्यू येईपर्यंत ती तेथेच राहिली. तिच्या संतपदाच्या प्रक्रियेला २०१५ साली प्रारंभ झाला. घरातील जे मूल सर्वांत मागे पडते, त्याच्याविषयी आशा सोडू नये, हा धडा आम्हाला या संपूर्ण कथेत फार मोलाचा वाटतो.

रायगडच्या किनाऱ्यावरील आपल्या कुटुंबांना ही कथा परकी वाटू नये. कोर्लईच्या किल्ल्याखाली, कार्मेल मातेच्या चर्चभोवती वसलेल्या आपल्या बांधवांचा विचार करा. १७४० साली पोर्तुगीज येथून गेले. तरी त्यांच्या भाषेतून घडलेली बोली तेथील घराघरांत टिकून राहिली. तिला ना शाळा होती, ना पाठ्यपुस्तक. आई-आजीच्या तोंडून आणि थोरल्या भावंडांकडून धाकट्यांनी ती उचलली. भाषा जर अशी पिढ्यान्‌पिढ्या पोहोचते, तर श्रद्धा का पोहोचणार नाही?

२०२० साली टाळेबंदीत शाळा आणि धर्मशिक्षणाचे वर्ग बंद झाले. ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले, तेव्हा अनेक गावांत वीज आणि मोबाइलही राहिले नाहीत. दहावीचा मुलगा, चौथीतली मुलगी आणि अक्षरे गिरवणारे धाकटे, अशा सर्वांना एकाच खोलीत घेऊन बसण्याची वेळ अनेक मातांवर आली. शाळा पुन्हा उघडल्या. त्याबरोबर धर्मशिक्षणही पुन्हा केवळ रविवारच्या वर्गावर सोपवून आपण मोकळे झालो आहोत काय, याचा प्रत्येक कुटुंबाने विचार करावा.

शाळेला पर्याय उभा करा, असे आमचे सांगणे नाही. मार्टिन कुटुंबानेही मुलींना शाळेत पाठवले होते. परंतु थोरल्या मुलीने धाकट्या भावाला क्रूसाची खूण शिकवावी, मुलाने आठवड्यातून एकदा पवित्र शास्त्रातील उतारा मोठ्याने वाचावा आणि बाबा बोटीवरून वा कामावरून परतल्यावर सर्वांनी मिळून जपमाळ म्हणावी, एवढे प्रत्येक घरात होऊ शकते. लहानगे मध्येच पेंगेल, चुळबुळ करील. त्याला जवळ बसू द्यावे. तेरेजासुद्धा अशीच मणी ओवीत बसली होती.

संत लुई, संत झेली आणि बाळ येशूची संत तेरेजा आपल्या कुटुंबांसाठी प्रभूकडे विनंती करोत.