पुण्यात जन्मलेले सालारजंग: छंद एकाचा, ठेव सगळ्यांची

हैदराबादला गेलेलं आपल्याकडचं कुटुंब चारमिनार आणि मक्का मशीद बघून झाली की सालारजंग म्युझियमला जातंच. तिथल्या मोठ्या घड्याळासमोर मुलं तास भरायची वाट बघत बसतात. तास भरला की छोटा दाढीवाला पुतळा बाहेर येतो, टोले देतो आणि परत आत जातो. मुलं खूश होतात, आपण फोटो काढतो आणि पुढच्या दालनात जातो. पण हे सगळं जमवणारा माणूस आपल्या पुण्यात जन्मला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

नवाब मीर यूसुफ अली खान, म्हणजेच तिसरे सालारजंग, यांचा जन्म १३ जून १८८९ रोजी पुण्यात झाला. घराणं हैदराबादच्या दिवाणांचं. आजोबा मीर तुराब अली खान, पहिले सालारजंग, १८५३ पासून १८८३ पर्यंत निजामाचे दिवाण होते. वडील मीर लायक अली खान हेसुद्धा दिवाण झाले, पण त्यांना आयुष्य कमी मिळालं. बाळ महिन्याचंही झालं नव्हतं, तोच जुलै १८८९ मध्ये वडिलांचं पुण्यातच निधन झालं. ऐन पंचविशी ओलांडलेला माणूस गेला आणि मांडीवरचं पोर एवढ्या मोठ्या जहागिरीचं वारस ठरलं. पुढे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी जहागिरीची देखरेख आपल्याकडे घेतली. मुलाचं शिक्षण हैदराबादच्या मदरसा-ए-आलियात झालं.

१९१२ मध्ये सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी त्यांना दिवाण नेमलं. वय अवघं २३. आजोबांनी तीस वर्षं सांभाळलेली खुर्ची नातवाने मात्र अडीच वर्षांच्या आतच, १९१४ मध्ये सोडली. त्यानंतर जवळजवळ पस्तीस वर्षं या माणसाने एकच काम मनापासून केलं, ते म्हणजे सुंदर आणि जुन्या वस्तू जमवणं.

छंदाचं बीज घरातच होतं. आजोबांनी १८७६ च्या युरोपच्या सफरीत रोममध्ये बुरख्यातल्या रेबेकाचा संगमरवरी पुतळा घेतला होता. दगडातून कोरलेला पातळ पडदा आणि त्यातून दिसणारा चेहरा बघायला आजही त्या पुतळ्यासमोर गर्दी असते. नातवाने ही आवड कितीतरी पटींनी वाढवली. ते स्वतः युरोपात फिरले. देशोदेशीचे व्यापारी वस्तू घेऊन त्यांच्या दिवाण देवडीच्या वाड्यात येत. जहागिरीचा पैसा होता. त्या जहागिरीत कर्नाटकातलं कोप्पळ होतं, तसंच आपल्या मराठवाड्यातलं अजिंठाही होतं. म्हणजे या खजिन्यात आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या सारा-वसुलीचाही वाटा आहे, हे विसरून चालणार नाही.

काय काय जमवलं? चांदीचंच बघा. करीमनगरच्या कारागिरांचं तारकाम आहे. केसासारखी बारीक चांदीची तार वळवून अत्तरदाण्या आणि डबे बनवतात, जाळी अशी की फुंकर मारली तर उडेल असं वाटावं. बिदरी काम आहे. जस्त आणि थोडं तांबं मिसळून भांडं ओततात, त्यावर नक्षी कोरून चांदी ठोकून बसवतात, आणि बिदरच्या किल्ल्यातली माती लावून भांडं काळं करतात. चांदी मात्र पांढरीच राहते. आपल्या आजी-पणजीच्या काळातले हुक्के, पानदान आणि गुलाबदाण्या याच कामाच्या असत.

शस्त्रांच्या दालनात तलवारी, खंजीर, ढाली आणि बंदुका आहेत. औरंगजेब, टिपू सुलतान, बहादूरशाह आणि गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह यांच्या वापरातली हत्यारं त्यात असल्याचं सांगतात. मुघल आणि दख्खनी कलमाची लघुचित्रं आहेत. तळहाताएवढ्या कागदावर बादशाहाच्या दाढीचा एकेक केस वेगळा दिसतो. आणि या सगळ्याहून मोलाची हजारो हस्तलिखितं आहेत. त्यांत याकूत अल-मुस्तअसिमी या नामवंत खत्तातच्या हातचा कुरआन शरीफ आहे आणि त्यावर मुघल बादशाहांच्या सह्या आहेत.

२ मार्च १९४९ रोजी सालारजंग वारले. त्यांनी लग्न केलं नव्हतं, मूलबाळ नव्हतं. हैदराबाद संस्थान भारतात विलीन होऊन सहा महिनेही झाले नव्हते. नातेवाइकांचे हक्क-दावे उभे राहिले. अशा वेळी काय होतं, ते आपण घरोघर बघतो. वाटणी होते, ज्याच्या हाती जे लागेल ते विकलं जातं आणि दहा वर्षांत मागमूस उरत नाही. इथे मात्र तसं झालं नाही. सरकारने इस्टेटीसाठी समिती नेमली. वाड्यातच मांडणी करून १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते संग्रहालय लोकांसाठी उघडलं. १९५८ मध्ये हायकोर्टात समझोता झाला आणि वारसांनी संग्रह सरकारच्या हवाली केला. १९६१ मध्ये संसदेने कायदा करून त्याला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवलं. १९६८ मध्ये मुसी नदीकाठच्या नव्या इमारतीचं उद्घाटन राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांनी केलं. आज तिथे ४०,००० हून जास्त वस्तू आहेत आणि तिकीट काढून कुणीही त्या बघू शकतो.

आता आपल्या घोडेगाव-जुन्नरकडे या. जुन्नर ही निजामशाहीची सुरुवातीची राजधानी. इथल्या कागदी मोहल्ल्यातल्या मुस्लिम कारागिरांचा जुन्नरी कागद पेशव्यांच्या दफ्तरात वापरला जाई. अशा भागातल्या आपल्या घरांत जुनं काहीच नसेल, असं होईल का? माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत एखादी सनद असते, फारसी किंवा मोडीतला कागद असतो, हाताने लिहिलेला कुरआनचा एखादा पारा असतो. आमच्याच घरातलं चांदीचं पानदान एका लग्नाच्या वेळी मोडीत गेलं. सराफाने वजन केलं, घट कापली आणि पैसे दिले. झाकणावरच्या वेलबुट्टीचे पैसे कुणी धरले नाहीत, आणि ते पानदान कुणाचं होतं हेही आता कुणाला सांगता येत नाही.

सालारजंगांसारखी दौलत आपल्याकडे नाही, तिची गरजही नाही. घरात आहे ते आधी नीट बघा. वस्तू कुणाची, कुठून आली, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून वहीत लिहा. जुन्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. कोरड्या जागी सुती कापडात ठेवा. वाचता येत नसेल तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेत जाणकारांना दाखवा. आणि पुढच्या सुट्टीत हैदराबादला गेलात, तर घड्याळाचे टोले ऐकून झाल्यावर मुलांना हेही सांगा की हे सगळं जमवणारा माणूस पुण्यात जन्मला होता, आणि त्याने जमवलेलं आज सगळ्यांचं आहे. अल्लाह मरहूम सालारजंगांची मगफिरत करो.