मातीची प्रत ठरविणारा साहेब : जॉर्ज विंगेट

महापे येथील औद्योगिक वसाहतीतून शिळफाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आज संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती दिसतात. पारसिकच्या डोंगराचा उतार आणि ठाण्याची खाडी यांच्या मधला हा पट्टा काही दशकांपूर्वीपर्यंत भातशेतीचा होता, हे नव्या नोकरदार पिढीला सांगूनही पटत नाही. १९६० च्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाने आणि १९७० नंतर सिडकोने या परिसरातील गावांच्या जमिनी संपादित केल्या. शेत गेले, बांध गेले. मात्र कागदावरचे शब्द राहिले. सर्व्हे नंबर, गुंठे, आकार, पोटखराबा. सातबाराच्या उताऱ्यावर नजर टाकणाऱ्या प्रत्येकाला हे शब्द ठाऊक असतात. ते महाराष्ट्राच्या गावोगावी ज्यांच्या मोजणीमुळे पोहोचले, त्या सर जॉर्ज विंगेट यांचे नाव मात्र इतिहासाच्या अभ्यासकांपलीकडे आता फारसे कोणी घेत नाही.

विंगेट यांचा जन्म १८१२ सालचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यातील लष्करी इंजिनीअरांच्या दलात ते अधिकारी होते. पूल बांधावेत, रस्ते आखावेत, किल्ल्यांची डागडुजी करावी, असे या दलातील तरुणांचे काम असे. विंगेट यांच्या वाट्याला आली ती माती. १८३५ साली हेन्री एडवर्ड गोल्डस्मिड या मुलकी अधिकाऱ्याबरोबर त्यांची नेमणूक पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात झाली. दोघेही त्यावेळी विशीतले. काम होते एका फसलेल्या मोजणीची दुरुस्ती करण्याचे.

ती मोजणी प्रिंगल यांची. रॉबर्ट कीथ प्रिंगल हे पुण्याचे असिस्टंट कलेक्टर. कंपनीच्या हेलीबरी येथील कॉलेजात त्यांनी अर्थशास्त्राचे धडे माल्थस यांच्याकडून घेतलेले. पेशवाई बुडाल्यानंतरच्या दशकात त्यांनी दख्खनची मोजणी केली, ती त्या शास्त्राच्या आधारे. प्रत्येक शेताचे उत्पन्न काढावे, त्यातून लागवडीचा खर्च वजा करावा आणि जे निव्वळ उरेल त्याचा शेकडा ५५ हिस्सा सरकारने घ्यावा, असा त्यांचा हिशेब होता. कागदावर तो निर्दोष होता. प्रत्यक्षात उत्पन्नाचे आकडे ज्यांनी भरले त्या कारकुनांनी लाच घेऊन वाटेल ते भरले, आणि साहेबांनी त्यावर अचूक गणित मांडले. धान्याचे भाव पडले, पावसाने दगा दिला, तरी सारा कमी झाला नाही. वसुलीसाठी रयतेचा छळ झाल्याच्या नोंदी खुद्द सरकारी दप्तरांत आहेत. इंदापूरकडची कुटुंबेच्या कुटुंबे घरेदारे टाकून शेजारच्या मुलखात निघून गेली, आणि चांगल्या जमिनीसुद्धा पडीक राहिल्या.

विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी पहिली गोष्ट केली ती अशी, की निव्वळ उत्पन्नाचा सिद्धान्त बाजूला ठेवला. एखाद्या शेतातून किती पिकते हे कोणी खरे सांगत नाही आणि सांगितले तरी ते दरवर्षी बदलते. माती मात्र खोटे बोलत नाही. ती हाताने चोळून पाहता येते, तिची खोली मोजता येते, ओल डोळ्यांना दिसते. तेव्हा उत्पन्न मोजण्याऐवजी मातीची प्रत ठरवावी, एका शेताची दुसऱ्याशी तुलना करावी आणि साऱ्याचा एकूण बोजा गावाची जुनी वसुली, पाऊसमान व बाजारपेठेचे अंतर पाहून वेगळा ठरवावा, असा मार्ग त्यांनी काढला. दोन प्रश्न वेगळे करणे ही यातली खरी बुद्धिमत्ता होती, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

मोजणीचे साधन अगदी साधे होते. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद अशी जमीन म्हणजे एक गुंठा, अर्थात १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. नवी मुंबईत साडेबारा टक्के योजनेतील भूखंडाची चर्चा करताना गुंठ्याचा हिशेब आजही होतो, तो याच साखळीचा. सर्व्हे नंबर पाडताना शेताचे आकारमान साधारणपणे बैलजोडीला पेलेल असे धरले जाई. म्हणून हलक्या कोरडवाहू जमिनीचे नंबर मोठे आणि भाताचे नंबर लहान.

त्यानंतर प्रतबंदी. मातीच्या तीन जाती ठरविल्या. पहिली बारीक पोताची काळी किंवा गडद तपकिरी, दुसरी जरा जाडसर आणि बहुधा तांबूस, तिसरी भरड, मुरमाड, फिक्या रंगाची. प्रत्येक जातीत पुन्हा खोलीप्रमाणे उतरंड. खोली हातांनी मोजत. पावणेदोन हात खोल काळी जमीन म्हणजे सोळा आणे, पहिला वर्ग. त्याखाली चौदा, बारा, दहा, आठ, सहा, साडेचार, तीन आणि दोन आणे, असे एकूण नऊ वर्ग. पावणेदोन हातांच्या पुढे माती कितीही खोल गेली तरी पिकाला त्याचा विशेष लाभ नाही, असे धरले जाई.

पण जात आणि खोली एवढ्याने भागत नाही, हे इंदापूरच्या शेतकऱ्यांना माहीत होते आणि विंगेट यांनी ते त्यांच्याकडून शिकून घेतले. काळी, खोल जमीनही नादुरुस्त असू शकते. म्हणून दोषांची यादी झाली. चुनखडीचे खडे मिसळलेली, वाळूमुळे कस गेलेली, उताराची, कणांना धर नसलेली, पाणी आत मुरू न देणारी, ओढ्याच्या लोंढ्याने धुऊन निघणारी, आणि शेवटचा दोष उपळवट, म्हणजे जमिनीतून पाणी उपळून सतत ओल धरणारी. प्रत्येक दोषाला एक खूण. शेताचा नकाशा काढून त्याचे सारखे चौकोन पाडावेत, प्रत्येक चौकोनात खोली व दोषाची खूण लिहावी आणि एका दोषाला एक वर्ग खाली उतरावे, अशी रीत होती. समजा, एका चौकोनात पहिल्या प्रतीची काळी जमीन आहे पण ती उपळवट आहे, तर सोळाचे चौदा आणे झाले. त्यातच चुनखड असेल तर बारा. सर्व चौकोनांची सरासरी म्हणजे त्या शेताची किंमत. प्रत लावणाऱ्या कारकुनाच्या कामाची वरिष्ठ पुन्हा तपासणी करीत. प्रिंगल यांच्या वेळी जेथे घोटाळा झाला, नेमकी तीच जागा बंद करण्याचा हा प्रयत्न होता.

निचरा न होणारी माती ही काही दख्खनपुरती अडचण नाही. युरोप आणि अमेरिकेच्या उत्तर भागांत हिमनद्यांनी खडक दळून जे बारीक पीठ मागे ठेवले, त्यापासून झालेल्या पोयट्याच्या जमिनी अशाच पाणी धरून बसतात. वाळूपेक्षा बारीक आणि चिकणमातीपेक्षा जाड असा हा कण. त्याच्या फटी इतक्या सूक्ष्म की पाणी खाली उतरता उतरत नाही. मुळांना हवा मिळत नाही, मातीतील लोहाचे रूप बदलते, रंग राखाडी पडतो आणि मधूनमधून गंजासारखे डाग दिसतात. अमेरिकेत १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या मृदावर्गीकरणात अशा पाणथळ जमिनींच्या नावात लॅटिन भाषेतील पाण्याचा शब्दच गुंफला आहे. आपल्याकडे नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेने याच पद्धतीने देशाच्या मातीचे नकाशे केले. हेतू वेगळे, साधनेही वेगळी. परंतु खड्डा खणावा, थरांची खोली मोजावी, रंग व पोत पाहावा आणि निचऱ्याचा दोष वेगळा नोंदवावा, हा क्रम इंदापूरच्या कारकुनांनाही अपरिचित वाटला नसता.

गंमत अशी की घाट उतरून कोकणात आल्यावर हा दोष दोष राहत नाही. भाताला पाणी साचलेलेच हवे. १८५० आणि १८६० च्या दशकांत ही मोजणी ठाणे जिल्ह्यात पोहोचली, तेव्हा दख्खनचे कोष्टक येथे जसेच्या तसे चालणार नव्हते. भातजमिनीला वेगळी मोजपट्टी लावावी लागली. मातीबरोबर पाण्याची सोय आणि बांधही पाहावे लागले. खाडीकाठची खार जमीन तर आणखी निराळी. तिथे पाण्याचे दुखणे निचऱ्यापुरते नसते, भरतीबरोबर येणाऱ्या मिठाचेही असते. बांध घालून, उघाडीतून पावसाचे पाणी बाहेर सोडून, वर्षानुवर्षे मीठ धुऊन काढल्यावर तेथे भात येतो. एका पावसाळ्यात बांध फुटला की सगळी मेहनत पुन्हा पहिल्यापासून. डोंगरपायथ्याची गोडी जमीन आणि खाडीकडची खारी जमीन हा भेद महापे परिसरातील जुन्या शेतकऱ्यांना कोणत्याही साहेबाने शिकवावा लागला नव्हता.

इंदापुरात पडीक जमिनी पुन्हा लागवडीखाली येऊ लागल्या. दर तीस वर्षांसाठी बांधून दिला होता. तेवढ्या काळात शेतकऱ्याने विहीर काढली वा बांध घातला तर त्याबद्दल सारा वाढणार नव्हता. हीच पद्धत दख्खनच्या इतर तालुक्यांत आणि दक्षिणेत धारवाड-बेळगावकडे नेण्यात आली. १८४७ साली गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन या तिघांनी मिळून नियमांचा संयुक्त अहवाल लिहिला. मुंबई इलाख्याच्या जमीन महसुलाची घडी पुढे शंभर वर्षे त्यावर बसली. गोल्डस्मिड १८५५ साली कैरो येथे वारले. विंगेट यांच्याकडे सर्व्हे कमिशनरपद आले.

सर्वत्र स्वागत झाले असे नव्हे. १८५२ साली खानदेशात मोजणीदार पोहोचले तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत लोक मोठ्या संख्येने जमले आणि त्यांनी काम बंद पाडले. मोजणी म्हणजे सारावाढ, ही त्यांची समजूत होती आणि ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. सरकारने लष्कर आणून बंदोबस्त केला.

याच वर्षी विंगेट यांनी सरकारला आणखी एका संकटाची जाणीव करून दिली. नव्या पद्धतीने शेतकऱ्याला जमिनीवर वारसाहक्काचा आणि विक्रीचा अधिकार मिळाला होता. ज्या जमिनीला किंमत आली ती गहाणही टाकता येऊ लागली. पूर्वी सावकाराला कर्ज वसूल करण्यासाठी गावाच्या मध्यस्थीवर अवलंबून राहावे लागे. आता दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा त्याच्या हाती आला. सारा रोखीने आणि ठरल्या तारखेला भरायचा, पाऊस येवो न येवो. त्यासाठी शेतकरी सावकाराच्या दारी जाणार, आणि कायदा सावकाराच्या बाजूने उभा राहणार. हे नाते दोघांनाही अधोगतीला नेईल, असे विंगेट यांनी स्पष्टपणे लिहून ठेवले. आपण उभारलेल्या इमारतीला तडा कुठे जाणार हे त्या इमारतीच्या इंजिनीअरानेच दाखविले होते, पण त्याकडे लक्ष देण्याची निकड सरकारला वाटली नाही.

पुढे मायदेशी परतल्यावर १८५९ साली त्यांनी लंडनमध्ये एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. हिंदुस्थानाकडून इंग्लंडला दरवर्षी जाणारा पैसा हा मोबदल्याविना जाणारा खंड आहे, आणि साम्राज्याच्या युद्धांचा खर्च हिंदी रयतेवर लादणे अन्यायाचे आहे, असे प्रतिपादन त्यात होते. आयुष्यभर सरकारी सारा ठरविणाऱ्या माणसाच्या लेखणीतून हे यावे, याचे अनेकांस नवल वाटले असेल. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या अपहाराचा मुद्दा मांडताना विंगेट यांचा आधार वारंवार घेतला, तो यामुळेच.

इंदापूरची तीस वर्षे भरली आणि १८६७ साली फेरआकारणी झाली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेली तेजी ओसरत असतानाच सारा मोठ्या प्रमाणात वाढविण्यात आला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने वाढत्या साऱ्याविरुद्ध आवाज उठविला, आणि सरकारला नंतर काही कपात करावी लागली. पण तोवर उशीर झाला होता. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे आठवड्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला आणि गहाणखते जाळली. हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने जुनी दप्तरे काढली, तेव्हा विंगेट यांचे तेवीस वर्षांपूर्वीचे लिखाण त्यांत सापडले आणि अहवालात त्याला स्थान मिळाले.

विंगेट यांचे निधन १८७९ साली झाले. त्याच वर्षी त्यांच्या मोजणीचे नियम सामावून घेणारा मुंबई जमीन महसूल कायदा आला, आणि कर्जबाजारी शेतकऱ्याला सावकारापासून संरक्षण देऊ पाहणारा दख्खन शेतकरी मदत कायदाही त्याच वर्षीचा. त्यातील महसूल कायद्याची जागा पुढे १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने घेतली.