डिग्री सोडली, धून देऊन गेला!

रेवदंडा, चौल, मुरूड, श्रीवर्धन... आपल्या पट्ट्यातल्या कुठल्याही घरात जा आणि साठी ओलांडलेल्या माणसाला विचारा, लहानपणी सकाळी जाग कशानं यायची? कुणी कोंबड्याचं नाव घेईल, कुणी बंदरावरच्या गलक्याचं. पण बरेच जण रेडिओचं सांगतील. अजून उजाडलेलं नसायचं, चुलीवर पाणी तापत असायचं आणि ट्रान्झिस्टरमधून आकाशवाणीची ती धून यायची. खाली तानपुरा, वर एकटं व्हायोलिन. बातम्या, हवामान, भजनं सगळं त्यानंतर.

ती धून तुम्हीही ऐकलीय. जुन्या आठवणींच्या एखाद्या रीलमध्ये तरी नक्कीच. आता सांगा, ती केली कुणी? एखाद्या पंडितजींनी? नाही. तिचं श्रेय जातं वॉल्टर कॉफमन नावाच्या एका ज्यू तरुणाला. साल १९३६. तेव्हा तो जेमतेम २९ वर्षांचा होता आणि स्वतःचा देश सोडून मुंबईत राहत होता.

पदवी हातात येणार, इतक्यात...

वॉल्टर जन्मला १ एप्रिल १९०७ रोजी कार्ल्सबाडला. गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेलं हे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे, नाव कार्लोवी व्हारी. संगीत शिकायला तो बर्लिनला गेला. तिथं फ्रान्झ श्रेकर यांच्याकडे रचना शिकला आणि कर्ट झाक्स यांच्याकडे संगीताचा अभ्यास कसा करायचा हे शिकला. झाक्स म्हणजे जगभरच्या वाद्यांचं वर्गीकरण करून ठेवणाऱ्या जोडगोळीतले एक. युरोपाबाहेरही मोठं संगीत आहे, हे वॉल्टरच्या कानावर पडलं ते इथंच.

पुढे प्रागच्या जर्मन विद्यापीठात त्यानं पीएचडीचा प्रबंध लिहिला. विषय होता गुस्ताव माहलर, म्हणजे ज्यू घरात जन्मलेला थोर संगीतकार. सगळं जमून आलं होतं. आणि तेवढ्यात कळलं, की आपले एक प्राध्यापक नाझी तरुणांच्या स्थानिक गटाचे पुढारी आहेत. वॉल्टरनं पदवी घ्यायलाच नकार दिला. विचार करा, कित्येक वर्षांची मेहनत! आपण हॉल तिकिटावर नाव चुकलं तरी हवालदिल होतो. हा पठ्ठ्या तयार डिग्री तिथंच ठेवून उठला.

त्या काळात बर्लिननं अनेकांना असं बाहेर फेकलं. निकोस स्काल्कोतास हा ग्रीक संगीतकार तिथं बारा वर्षं राहिला, १९३३ मध्ये अथेन्सला परतला. तिथं ऑर्केस्ट्रात मागच्या रांगेत बसून व्हायोलिन वाजवायचं आणि उरलेल्या वेळात नव्या वळणाच्या रचना लिहायच्या, असं त्याचं आयुष्य झालं. १९४९ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी तो गेला, तेव्हा त्याच्या बहुतेक रचना कुणी ऐकल्याही नव्हत्या. वॉल्टरची वाट वेगळी होती. त्यानं बोट पकडली.

समोरच्या मुंबईत

फेब्रुवारी १९३४ मध्ये तो मुंबईत उतरला. मुंबईच का? व्हिसा सहज मिळत होता, हे एक साधं कारण. मुंबई बंदरात शिरणाऱ्या जहाजातून एका बाजूला आपले खांदेरी-उंदेरी आणि मांडव्याचा किनारा दिसतो. ज्या धर्मामुळे त्याला युरोप सोडावा लागला, त्याच धर्माचे बेने इस्रायल याच किनाऱ्यावर शेकडो वर्षं राहत होते. तेलाचा घाणा चालवत होते, मराठी बोलत होते. शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावानं त्यांना शनिवार तेली म्हटलं.

मुंबईत आल्यावर काही महिन्यांतच त्यानं बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी सुरू केली. चेंबर म्हणजे खोली. मोठा ऑर्केस्ट्रा नाही, काठी हलवणारा कंडक्टर नाही. तीन-चार वादक समोरासमोर बसतात, एकमेकांच्या डोळ्यांकडे बघत वाजवतात. आपल्या बैठकीसारखंच. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात हे कार्यक्रम व्हायचे. पियानोवर वॉल्टर, चेलोवर एदिजिओ वेर्गा हे इटालियन गृहस्थ आणि व्हायोलिनवर मुंबईचे तरुण पारशी वादक मेहली मेहता. हो, जगप्रसिद्ध कंडक्टर झुबिन मेहतांचे वडील. मे १९३७ पर्यंत या मंडळींनी १३६ कार्यक्रम केले होते. परक्या शहरात, दर आठवड्याला, न चुकता!

दोष कुणाचा?

आता गंमत ऐका. आपलं संगीत त्याला पहिल्यांदा ऐकताना अजिबात आवडलं नव्हतं. काही कळेचना. पण लाखो माणसं जे प्रेमानं ऐकतात त्यात काही नाही असं कसं होईल, हा प्रश्न त्यानं स्वतःला विचारला. दोष गाण्यात नाही, आपल्या कानात आहे, असं ठरवून तो नव्यानं शिकायला बसला. रेकॉर्ड विकत आणल्या, पुन्हा पुन्हा ऐकल्या. राग समजून घेतले. पुढे गोंड आणि बैगा आदिवासींच्या गाण्यांवरही लिहिलं.

हे शिकणं त्याच्या रचनांत उतरलं. मोहन भवनानींच्या चित्रपटांसाठी त्यानं काम केलं आणि १९३७ पासून रेडिओच्या मुंबई केंद्रात पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळला. याच दिवसांत ती धून आली. त्यातलं व्हायोलिन मेहलींचं, असं मानलं जातं. जाणकारांना तिच्यात शिवरंजनीच्या खुणा दिसतात. नीट ऐकलंत तर लक्षात येईल, तानपुरा आपला, व्हायोलिन त्याचं, आणि दोघांत भांडण नाही.

मग पुढे?

महायुद्ध संपलं. १९४६ मध्ये त्यानं मुंबई सोडली. इंग्लंडमध्ये थोडा काळ राहून तो कॅनडाला गेला. विनिपेगच्या सिम्फनी ऑर्केस्ट्राचा तो जवळपास दहा वर्षं कंडक्टर होता. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठानं त्याला शिकवायला बोलावलं. पदवी नाकारून निघालेला मुलगा प्राध्यापक झाला! तिथं त्यानं उत्तर हिंदुस्थानी रागांवर जाडजूड ग्रंथ लिहिला, तो १९६८ मध्ये आला. १९७६ मध्ये दक्षिणेच्या रागांवरचाही आला. मुंबईत रेकॉर्ड घासून घासून ऐकल्याचा हा हिशेब होता.

१९८४ मध्ये ब्लूमिंग्टनला तो गेला. पण त्याचं चेंबर संगीत? सोनाटे, दहाहून जास्त स्ट्रिंग क्वार्टेट, सगळं कपाटात पडून राहिलं. युरोपला तो फार लांबचा आणि भारतात त्याचं नावही विसरलं गेलेलं. स्काल्कोतासला निदान एक देश होता, त्याच्या मृत्यूनंतर तिथल्या मित्रांनी त्याच्या वह्या सांभाळल्या. वॉल्टरला आपला म्हणणारं गाव कोणतं? कार्ल्सबाड, मुंबई, विनिपेग की ब्लूमिंग्टन?

अखेर २०२० मध्ये टोरांटोच्या एआरसी एन्सेम्बल या गटानं त्याच्या चेंबर रचनांचा अल्बम काढला. हद्दपार झालेल्या संगीतकारांसाठी हा गट अशी कामं करतो. हेडफोन लावून त्यातलं अकरावं क्वार्टेट ऐका. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. मधेच एखादी सुरावट अशी येते, की ओळखीचं कुणीतरी हाक मारतंय असं वाटतं.

आणि उद्या पहाटे घरात कुणी आकाशवाणी लावलीच, तर ती धून संपेपर्यंत आवाज कमी करू नका. आजी-आजोबा शेजारी असतील, तर त्यांना वॉल्टरचं नाव सांगा. इतकी वर्षं रोज ऐकलं, पण बहुतेकांना ते कुणी सांगितलेलंच नाही.