डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर

मानवी शरीराचा भार पेलणाऱ्या हाडांमध्ये कमरेच्या हाडांना फार महत्त्व आहे. दोन बाजूंची नितंबाची दोन हाडे, मागील बाजूचे त्रिकास्थी नावाचे हाड आणि त्याखालील माकडहाड यांची मिळून एक पोकळी तयार होते. तिला श्रोणी असे म्हणतात. बालपणी नितंबाचे प्रत्येक हाड तीन वेगवेगळ्या भागांचे असते. वाढत्या वयात हे भाग जुळून एकसंध होतात. ते जेथे मिळतात, तेथेच मांडीच्या हाडाचा गोल माथा बसण्यासाठी खोलगट खोबण असते. श्रोणीचा तळ मात्र हाडाचा नसून स्नायूंचा असतो. हे स्नायू आणि भोवतालचे बंध स्त्रीच्या गर्भाशयाला आधार देतात. हा आधार किंवा गर्भाशयाचे मुख दुबळे झाल्यास काय उपाय करता येईल, याचा शोध घेणारे थोर शल्यचिकित्सक म्हणजे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर.

त्यांचा जन्म २७ एप्रिल १८९९ रोजी गोव्यातील शिरोडा या गावी झाला. त्या वेळी गोव्यावर पोर्तुगिजांची सत्ता होती. त्यांचे शालेय शिक्षण हुबळी येथे झाले. पुढे मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी १९२३ मध्ये वैद्यकीय पदवी आणि १९२७ मध्ये प्रसूतिशास्त्र व स्त्रीरोगशास्त्रातील एम. डी. ही पदवी मिळवली. १९३१ मध्ये इंग्लंडमध्ये ते एफ. आर. सी. एस. झाले. मायदेशी परतल्यावर त्यांनी मुंबईतच रुग्णसेवा व अध्यापन केले.

त्या काळी काही स्त्रियांचा गर्भ चौथ्या ते सहाव्या महिन्यात पुन्हा पुन्हा पडत असे. गर्भ निरोगी असे, आईलाही फारशा कळा येत नसत. तरीही मूल हाती लागत नसे. अनेकदा याचा दोष त्या स्त्रीच्या नशिबाला दिला जाई. अशा काही स्त्रियांच्या बाबतीत गर्भाशयाचे मुख वाढत्या गर्भाचा भार सोसू न शकल्याने वेळेपूर्वीच उघडते, हे डॉ. शिरोडकरांनी ओळखले. दोष नशिबाचा नसून शरीररचनेचा असेल, तर त्यावर शस्त्रक्रियेने उपाय करता येईल, असा त्यांचा विचार होता.

त्यांनी रुग्णाच्याच मांडीवरील चिवट आवरणाची एक अरुंद पट्टी काढली. पिशवीचे तोंड दोरीने आवळावे, त्याप्रमाणे ती गर्भाशयाच्या मुखाभोवती बांधली. त्यामुळे गर्भाला पोटात पुरेसे दिवस राहता येऊ लागले. ही पद्धत त्यांनी १९५५ मध्ये एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. ती शिरोडकर टाका या नावाने जगभर ओळखली जाते. प्रत्येक गर्भपातावर हा उपाय चालत नाही. योग्य निदान झाले तरच त्याचा उपयोग होतो. १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियातील मॅकडॉनल्ड यांनी याहून सोपा टाका सुचवला. आज या दोन्ही पद्धती वापरल्या जातात.

वारंवार होणारी बाळंतपणे आणि कष्टाची कामे यांमुळे काही स्त्रियांचे अंग बाहेर येते, म्हणजेच गर्भाशय खाली सरकते. तरुण स्त्रीचे गर्भाशय काढून टाकल्यास तिला पुन्हा आई होता येत नाही. यासाठी डॉ. शिरोडकरांनी गर्भाशय पट्टीच्या साहाय्याने मागील त्रिकास्थीच्या वरच्या कडेशी बांधण्याची शस्त्रक्रिया शोधली. स्नायू सैल पडले तरी हाड हलत नाही, या साध्या गोष्टीचा त्यांनी कुशलतेने उपयोग केला.

भारत सरकारने त्यांना १९६० मध्ये पद्मभूषण आणि १९७१ मध्ये पद्मविभूषण हे सन्मान दिले. १९७१ मध्येच त्यांचे निधन झाले. शरीराची रचना बारकाईने जाणून घेतली, तर नशिबाचा भोग मानलेल्या दुःखावरही इलाज सापडू शकतो, हे त्यांच्या कार्याने दाखवून दिले. त्यांच्या टाक्यामुळे आजही अनेक मातांच्या कुशीत मूल खेळते आहे.